‘एच’ अक्षराचा वनवास

मोटारीच्या टायरच्या बाजूला जो उठावदार मजकूर असतो, त्याच्या शेवटी येणारे एकटे अक्षर हे त्या टायरचे गतिमानांकन होय; म्हणजे ठरलेला भार आणि नेमकी हवा असताना तो टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल, याविषयी कारखान्याने दिलेला शब्द. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ या ओळीत १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ ही त्या रुंदीच्या टक्क्यांत मांडलेली उंची, ‘आर’ ही आतल्या धाग्यांची रेडियल रचना, १५ हा रिमचा इंचांतला व्यास, ८८ हा एका टायरवर ५६० किलो भार चालेल असे सांगणारा भारांक आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर. हे वाचायला उकिडवे बसावे लागते आणि चंद्रपूर-गडचिरोलीत त्याआधी चिखल किंवा कोळशाची भुकटी पुसावी लागते. त्यामुळे टायर पंक्चर झाल्याखेरीज बहुतेक मालकांचा या वाङ्मयाशी परिचय होत नाही.

या वर्णमालेचा क्रम क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २०० असा सरळ चालतो आणि मग अचानक ‘एच’ येऊन २१० सांगतो, त्यानंतर ‘व्ही’ २४० वर जातो. मुळात एस, एच, व्ही अशा मोजक्याच पायऱ्या होत्या. मधल्या जागा पुढे नव्या अक्षरांनी भरल्या गेल्या, पण जुन्या अक्षराचा अर्थ बदलणे परवडणारे नसल्याने ‘जी’च्या शेजारचा हा गृहस्थ घरदार सोडून यू आणि व्ही यांच्या मध्ये कायमचा राहायला गेला. मालेच्या दुसऱ्या टोकाला ए १ ते ए ८ ही मंडळी आहेत, ताशी ५ पासून ४० पर्यंत. मूल, सिंदेवाही, नागभीडच्या भातपट्ट्यात रोवणीपूर्वी बांधीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरवर हे ए ८ आढळते, आणि आपला शब्द पूर्णपणे वापरला जाण्याचे भाग्य या दोन जिल्ह्यांत बहुधा त्यालाच लाभते.

‘एच’चे तसे नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० एवढीच मुभा आहे. म्हणजे नागपूरला जाऊन समृद्धी महामार्ग गाठला, तरी त्याचे ९० किलोमीटर शिल्लकच राहतात. ताडोब्यात जिप्सीला ताशी २० ची मर्यादा असते, आणि वाघ समोर आडवा बसला तर तीही त्याच्या मर्जीवर. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांमागे लागल्यावर ए ४ सुद्धा चैन वाटू लागते. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी भामरागडच्या पुलावर चढले की शून्याला कोणते अक्षर द्यावे, हा प्रश्न मात्र प्रमाणकर्त्यांनी अनुत्तरित ठेवला आहे.

मग या अक्षराचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने ते वेगाचे नसून उष्णतेचे आहे, हे ध्यानात घ्यावे. फिरणारा टायर जमिनीला टेकतो त्या ठिकाणी दबतो आणि वर येताना पुन्हा सरळ होतो. या दबण्या-उठण्यात रबर तापते, वेग वाढला की सावरायला अवधी मिळत नाही, उष्णता साठते आणि अखेर आतले थर एकमेकांची साथ सोडतात. म्हणून परीक्षेत टायर भारासह मोठ्या पोलादी ढोलावर फिरवतात, टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात. आणि युरोपीय नियमानुसार त्या खोलीचे तापमान साधारण २० ते ३० अंश राखतात. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांच्या आसपास फिरत असतो आणि डांबर त्याहून तापलेले असते, तेव्हा हा विद्यार्थी वातानुकूलित खोलीत उत्तीर्ण होऊन नोकरीला भट्टीवर आला आहे, असे म्हणायला हरकत नाही.

यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवणे. हा उपाय नेमका उलटा आहे, कारण हवा कमी म्हणजे टायर जास्त दबणार आणि जास्त दबला की जास्त तापणार. परंतु तो इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की भौतिकशास्त्राला ओशाळल्यासारखे व्हावे. त्यात काळी-पिवळीत माणसे, कोंबड्या आणि तांदळाची पोती कोंबली की ८८ हा भारांक केवळ शोभेचा उरतो. शिवाय पंक्चर काढलेल्या टायरबाबत मूळ गतिमानांकन कायम राहील, अशी हमी अनेक उत्पादक देत नाहीत. ज्या टायरमध्ये पाच-सहा ठिकाणी रबरी दोऱ्या ठोसल्या आहेत आणि जो घासून गोटा झाला आहे, त्याच्यावरचा ‘एच’ हा लेखकाच्या मते माजी आमदाराच्या पाटीसारखा मानावा.

तरीही या शास्त्राचा अंतिम निर्णय पंक्चरच्या टपरीवरच होतो. कॉम्प्रेसर धडधडत असतो, पाण्याच्या घमेल्यातल्या ट्यूबमधून बुडबुडे निघत असतात, आणि नळी हातात घेतलेला पोरगा विचारतो, “भाऊ, किती टाकू?” भाऊ सांगतात, “टाक ना अंदाजानं, महिनाभर पाहाच लागू नये एवढी.” कारखान्याने ठरवलेला आकडा बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि हा संवाद चालू असताना भाऊंचा कोपर बहुधा त्याच्यावरच टेकलेला असतो.