चाळीस टक्के मांडव

"छत्री घेऊ का?" हा प्रश्न आमच्या गल्लीत नानांना कोणी विचारत नाही. नवखा माणूस विचारतो आणि त्याची बस चुकते.

नानांची हयात एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. सातारा, दहिवडी, महाबळेश्वर, परत सातारा. खिडकीबाहेर घोळका, आत नाना, आणि प्रश्न पुरता तोंडातून निघायच्या आत उत्तर: "कोरेगाव सव्वापाच, फलाट तीन. पुढं कोण?" असा हा माणूस निवृत्त झाला, काही दिवस गुडघे आणि टीव्ही यांच्यात काढले, आणि मग नातीनं त्यांना लॅपटॉपवर एका ऑनलाइन कोर्सला बसवलं. हवामानशास्त्र आणि हवामानबदल, प्राथमिक, बारा आठवडे. तेव्हापासून नाना कशालाच धड हो म्हणत नाहीत आणि धड नाहीही म्हणत नाहीत. काकूंनी चहाचं विचारलं तरी "शक्यता नाकारता येत नाही" म्हणतात. काकू आधण ठेवतात.

निवृत्तीनंतर विद्यार्थी झालेला माणूस तुमच्याही ओळखीत असेल. कोणी मोडी शिकतो, कोणी संस्कृत, कोणी बासरी. बासरीवाला परवडला, त्याचा त्रास ठरावीक वेळीच होतो. हवामानवाल्याचा विषय चोवीस तास सगळ्यांच्या डोक्यावर असतो, आणि "काय उकडतंय हो" एवढं म्हणायचीही मग चोरी होते. नाना लगेच थांबवतात. "तापमान कालच्याइतकंच आहे. दमटपणा वाढलाय. घाम वाळत नाही म्हणून उकडतंय." ऐकणाऱ्याला आणखी घाम फुटतो.

व्हिडिओला बसायचा त्यांचा थाट बघण्यासारखा. अंघोळ, धुतलेला सदरा, टेबलावर दोनशे पानी वही, खिशाला दोन पेनं. प्राध्यापक दिल्लीत की कानपुरात, रेकॉर्डिंग कधीचं, कोणाला ठाऊक, पण नाना त्यांना "थांबा सर, लिहून घेतो" असं सांगून मगच पॉज दाबतात. इंग्रजी झेपावं म्हणून वेग पाऊणपट केलेला असतो, त्यामुळे ते गृहस्थ आमच्या गल्लीला जन्माचे पेंगुळलेले वाटतात. "ॲ...डिया...बॅटिक" असा आवाज खिडकीतून आला की पलीकडचे गुरुजी म्हणतात, "सरांना आज बरं दिसत नाही."

या गुरुजींचं आणि नानांचं भांडण पर्जन्यमापकावरून. दुसऱ्याच आठवड्यात नानांना पाऊस मोजायची हुक्की आली. काकूंची लोणच्याची सरळ काचेची बरणी गेली, तिच्यावर पट्टी चिकटली आणि ती अंगणात मध्यभागी बसली. मग कळलं की आसपासच्या झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ती असायला हवी. झाड कोणतं, तर गुरुजींचा शेवगा. "फांदी उतरवा," नाना म्हणाले. "तुमच्या पावसापायी माझ्या शेंगा?" गुरुजी म्हणाले. शेवटी बरणी गच्चीवर गेली, पण गुरुजींना नवा मुद्दा मिळाला होता. बरणी बारकी, म्हणून पाऊस कमी भरतो. नानांनी शेजारी घमेलं ठेवून, पाणी मापून, सगळं पटवून दिलं. तोंड केवढंही असो, उंची तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी घमेलंच बरं."

बरणी वाचायची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणून नानांचाही तसाच. आठ पंचवीसला कोणी आलं तर त्याला पायरीवर बसवतात. एकदा जुलैत गुरुजी दूध घेऊन येताना सकाळी नऊला चिंब भिजले, आणि दारात उभे राहून म्हणाले, "आजचा पाऊस लिहिला का?"

"हा उद्याच्या खात्यात जाईल," नाना म्हणाले.

"म्हणजे मी उद्या भिजलोय?"

नानांनी यावर खरोखरच विचार केला.

पण या वेडात मला एक जागा फार आवडते. नाना प्लॅस्टिकच्या बाटलीत घोटभर कोमट पाणी घेतात, हलवतात, पेटत्या उदबत्तीचा थोडा धूर आत घेतात आणि बूच घट्ट लावतात. मग दोन्ही हातांनी बाटली दाबतात, दाबून धरतात आणि एकदम सोडतात. बाटलीत पांढरं धुकं भरतं. परत दाबली की काच पुसल्यासारखी स्वच्छ. सोडली की परत ढग. दाब उतरला की हवा पसरते, पसरली की गार होते, वाफेला बसायला धुराचा कण मिळाला की थेंब धरतात. हे कोर्सातलं झालं. त्यापुढचं नानांचं. "सोडली की महाबळेश्वर," ते म्हणतात, "दाबली की दहिवडी." समुद्रावरून आलेलं वारं घाट चढताना पसरतं, गार होतं आणि सगळा माल महाबळेश्वरला उतरवतं, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. मग पूर्वेकडं उतरताना तेच वारं दाबलं जातं, तापतं, ढग विरतात, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला जेमतेम पाचशे येतात. नानांनी दोन्हीकडं नोकरी केली. महाबळेश्वरला चार महिने कपडे वाळले नाहीत, दहिवडीला टँकरमागं घागर घेऊन उभे राहिले. "बदलीच्या ऑर्डरवर कारण लिहीत नव्हते," असं म्हणून ते बाटली पुन्हा दाबतात. कितव्यांदा तरी दाखवत असतील, पण ढग धरला की त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पाहिल्यासारखा होतो.

त्यांचं दुसरं दैवत लोरेन्झ. एडवर्ड लोरेन्झ, अमेरिकेतला हवामानाचा अभ्यासक. 1961 साली त्यानं संगणकावर आधी केलेलं गणित मधूनच पुन्हा चालवलं, आणि आकडा भरताना 0.506127 च्या जागी 0.506 भरला. सुरुवातीला दोन्ही हवामानं हातात हात घालून चालली आणि पुढं एकमेकांना ओळखेनाशी झाली. तिकिटाच्या पैशापैशाचा हिशेब आयुष्यभर पाहिलेल्या माणसाच्या हे काळजालाच भिडलं. "तीन घरं गाळली, तीन!" पूर्वी दुधाच्या बिलात सुटे सोडून देणारे नाना आता दूधवाल्यालाही ही कथा सांगतात. तो बिचारा हल्ली रुपया सुटा घेऊनच येतो.

नक्की सांगा म्हणून कोणी हट्टच धरला, तर ते 26 जुलै 2005 काढतात. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. "आता सांग, मुंबईत पाऊस पडणार का, याला काय उत्तर देऊ?" विचारणाऱ्याला फक्त कपडे वाळत घालायचे असतात.

हवामानबदलाच्या आठवड्यात मात्र घर शांत झालं. हवाईतल्या मौना लोआच्या डोंगरावर 1958 पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता, आता 420 च्या पुढं गेलाय. नानांनी तो आलेख वहीत काढला, वर चढणारी करवतीसारखी रेघ, आणि बराच वेळ बघत राहिले. काकू म्हणाल्या, आपल्या स्टँडवरच्या धुराचं मनाला लावून घेतलंय. दुसऱ्या दिवशी स्कूटर सोडून नाना राजवाड्यावर चालत भाजीला गेले. गुडघ्यांनी चार दिवस निभावलं. पण डिसेंबरात कोणी शाल लपेटून "कसली हो तापमानवाढ?" म्हटलं, की त्यांच्यातला कंट्रोलर जागा होतो: "एका फेरीच्या उत्पन्नावर डेपोचा हिशेब काढतोस? तीस वर्षांची वही आण."

परीक्षेला गेले तिथं पोरांनी त्यांना पर्यवेक्षक समजून मोबाईल त्यांच्याकडं जमा केले. नानांनी घेतले, नंबर टाकून ओळीनं मांडले आणि मग आपल्या बाकावर जाऊन बसले. पास झाले. टक्के मात्र कोणाला सांगत नाहीत, सांगतात ते पावसाचेच.

आणि त्या टक्क्यांनीच गेल्या मे महिन्यात घोटाळा केला. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न, दारात मांडव, तारीख महिनाअखेरची. भावाला कोणी सांगितलं देव जाणे, तो मांडववाल्याला घेऊन थेट नानांकडं गेला. नानांनी नकाशे बघितले, गच्चीवर जाऊन यवतेश्वराकडं बघितलं, आणि खाली येऊन म्हणाले, "वळवाची शक्यता चाळीस टक्के."

मांडववाला डोकं खाजवून म्हणाला, "नाना, चाळीस टक्के मांडव कसा घालायचा ओ?"

नानांनी समजावलं. अशा हवेचे दहा दिवस घेतले तर चार दिवशी पाऊस पडेल. मांडववाला म्हणाला, मला दहा दिवस नकोत, रविवार पाहिजे. तासभर खल झाला. शेवटी जेवणाच्या बाजूला पत्रा आणि बोहल्याच्या बाजूला नुसतं कापड, असा खरोखरीचा चाळीस टक्के मांडव उभा राहिला.

रविवारी दुपारी साडेतीनपर्यंत ऊन रणरणत होतं. अक्षता पडून गेल्या होत्या, शेवटची पंगत बसलेली, आणि डोंगरामागून काळं चढलं. धूळ, गडगडाट, आणि टपोरे थेंब. कापडाखालची मंडळी पाट, आहेर, नवरदेव, सगळं उचलून पत्र्याखाली पळाली. गुरुजींच्या हातात जिलेबी होती, तशीच वर धरून ते ओरडले, "नाना, मानलं तुम्हाला! बरोबर निघालं!"

पत्र्यावर ताशा वाजावा तसा पाऊस. नाना त्यावर आवाज चढवून म्हणाले, "असं कसं म्हणता? एकदा आला म्हणून माझं बरोबर ठरत नाही. अशाच हवेत दहा लग्नं लावा, चारांत आला तर म्हणा."

नवरीच्या बापानं ओला फेटा पिळत हात जोडले. "नाना, मला पोरगी एकच आहे."