लिंबामागचा बाप

(रंगमंचावर एक प्लास्टिकची खुर्ची. गळ्यात टॉवेल, बसलेला आवाज. प्रवेश करतानाच खोकतो.)

आवाज बसलाय, सांभाळून घ्या. डॉक्टरनी विचारलं, "कीर्तन करता?" म्हणलं, न्हाई. "भाजी विकता?" न्हाई. "मग?" म्हणलं, पोरगी खो-खो खेळती.

डॉक्टर म्हणाले, "मग आवाज तिचा बसायला पाहिजे!"

मी यवतचा. पुण्याहनं सोलापूरला निघालात की उजव्या हाताला भुलेश्वराचा डोंगर दिसायला लागतो, तिथलाच. आमचं गुऱ्हाळ हाय. गुऱ्हाळावर चुलवाण्या जरा जास्त जळण सारायला लागला की मी वरडतो, "आरं जाळ आवर, पाक करपंल!" सकाळी चुलवाणापाशी जाळ आवरायचा आनि दुपारी मैदानावर जाऊन पोरीच्या बुडाखाली जाळ लावायचा, असा माझा दिवस.

आता खो-खो म्हणजे काय, हे मला पोरगी चौथीत असताना कळलं. आठ जणी रांगेत बसत्यात, एकीचं तोंड हिकडं, दुसरीचं तिकडं. नववी पळती. पळून दमली की बसलेलीच्या पाठीमागं जायाचं, "खो!" म्हणायचं, तिला उठवायचं आनि तिच्या जागेवर आपुन बसायचं. म्हणलं, ह्यात शिकवायचं काय? हे आमी दौंड लोकलमधी वीस वर्षं करतोय!

(खुर्चीवर बसतो, लगेच उठतो.)

पण बापाला बसवत न्हाई हो. तालुक्याच्या स्पर्धेला मी रेषेवर उभा. पोरगी पाठलागाला सुटली. समोरची हुलकावणी देऊन मागच्या मागं सटकली. मी बोंबललो, "मागं फिर! मागं!" पोरगी बापाच्या शब्दाबाहेर न्हाई. फिरली. शिट्टी. फाऊल!

खो-खोत एकदा दिशा धरली की मागं वळता येत न्हाई. खांबापर्यंत जायाचं, न्हाईतर खो द्यायचा. हा नियम तिथं सगळ्यांना ठाऊक होता. पंचाला, पोरींना, बाहेर भेळ विकणाऱ्याला. एकट्या बापाला ठाऊक नव्हता.

सर आले. लई सभ्य माणूस. म्हणाले, "काका, संघात आम्ही बारा जणींची नावं दिलीत. तेरावं तुमचं घालू का?"

आनि खरी मॅच पुढंच असती मंडळी. मोटरसायकलवर! मैदान ते घर. पोरगी मागं बसलेली, तिला उतरता येत न्हाई, पळता येत न्हाई, खो पण देता येत न्हाई. मी सुरू. "सूर उशिरा मारलास. खांबापाशी रेंगाळलीस. दिल्लीत जानेवारी 2025 ला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे कप्तान, नेपाळला 78-40 नं हाणलं! ती अशी रेंगाळली असती तर?" मागनं आवाज न्हाई. मला वाटलं, झोपली का काय.

हायवेला आल्यावर बारीक आवाज आला. "पप्पा, रसवंतीवर थांबायचं?"

आगं, गुऱ्हाळवाल्याची पोरगी तू! घरचा ऊस, घरचा रस, आनि हितं पैसे मोजून प्यायचा?

म्हणली, "रस पिताना माणसाला बोलता येत न्हाई, पप्पा."

(थांबतो. टॉवेलनं तोंड पुसतो.)

घरी येऊन मी बायकोपुढं मोठेपणा लावला. म्हणलं, खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला जायचे होते, पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर, त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं! म्हणून देशाला ब्राँझ मिळालं. पोराच्या खेळासाठी असं करावं लागतं.

बायको भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणली, "आवं, तुमी घर राहू द्या. तोंड तेवढं गहाण टाका."

पुढं म्हणली, "भुलेश्वराच्या पिंडीपाशी पेढे ठेवले की त्यातला एखादा गायब होतो म्हणत्यात. जिल्ह्याच्या मॅचला तुमी त्या पेढ्यावानी व्हा."

रात्रभर इचार केला. मग मला सचिन आठवला. 1984 सालची गोष्ट. अकरा वर्षांचा सचिन, थोरला भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडं घेऊन गेला. सर बघत उभे राहिले आनि पोराची बॅटच चालंना! बुजलं. तवा अजितनं सरांना गळ घातली, तुम्ही गेल्यासारखं करा आनि झाडामागनं बघा. सर झाडामागं गेले, पोरगं लागलं हाणायला! म्हणजे बघा, एवढा मोठा गुरू झाडामागं उभा राहिला, आनि मी गुळाचा माणूस रेषेवर!

ठरलं. जिल्ह्याच्या स्पर्धेला मैदानाच्या कडंला मोठा लिंब होता. गेलो त्याच्या मागं. तर तिथं आधीच एक जण उभा! म्हणलं, कोण? म्हणला, "पाटस. तुमी?" म्हणलं, यवत. म्हणला, "तुमालाबी काढलं?"

(खुर्चीमागं दबकून उभा राहतो. टॉवेलचं टोक दातात धरतो.)

मॅच सुरू झाली. पोरगी बचावाला आली. माझ्या तोंडातनं "डावीकडं" यायला लागलं, टॉवेल चावला. "वाक" आलं, टॉवेल चावला. पाटसवाला म्हणला, "पाव्हणं, नवा टॉवेल आणायचा होता, हा पुरायचा न्हाई."

आनि पोरगी? दीड मिनिटात बाद झाली. तोंडावर आपटली. माती झटकत उठली आनि… हसली. शेजारची कायतरी बोलली, तर पुन्हा हसली. पोट धरून.

चार वर्षं मी हिच्या मॅचला जातोय. मैदानावर हिला हसताना कधी बघितली नव्हती. म्हणजे हसत असंल वो. पण मी असताना ती बाद झाली की आधी माझ्याकडं बघायची.

हरलो. एका गुणानं. एक गुण! मागं फिर म्हणणारा कोणी नव्हता, तरी हरलो. म्हणजे मागच्या वेळचा सगळा दोष माझा नव्हता, हे मी बायकोला सांगणार हाय.

मॅच संपली आनि पोरगी सरळ लिंबाकडं आली. "पप्पा, टॉवेल दिसत होता."

कधीपासून?

"पहिल्यापासून. झाड बारीक हाय."

मोटरसायकलला किक मारली. हायवे लागला. जिभेवर तीन वाक्यं तयार होती. पहिलं सूर मारण्याबद्दल, दुसरं खांबाबद्दल, तिसरं ते 78-40. रसवंती आली. गाडी मी थांबवली हो, मी! दोन ग्लास सांगितले. आलं-लिंबू घालून. मी पीत होतो, ती सांगत होती. कोण कशी पडली, कुणाची वेणी सुटली, पंच कसा घसरला. माझा ग्लास संपला. मी तोंड उघडलं…

पोरगी रसवाल्याला म्हणली, "काका, अजून एक द्या. पप्पांना."

(अंधार.)