माशी शिंकते कुठे?

दहा मीटर एअर पिस्तूल या क्रीडाप्रकारात दुर्बिणीला स्थान नसून, नेम धरण्यासाठी नेमबाजापाशी दोनच साधने असतात : पिस्तुलाच्या मागील टोकावरची चौकोनी खाच आणि नळीच्या तोंडाशी उभा असलेला, बंदुकीच्या जुन्या परिभाषेत ‘माशी’ म्हणून ओळखला जाणारा एक इवलासा खुंट. ही माशी खाचेच्या बरोबर मध्यावर यावी, तिच्या दोन्ही अंगांना उजेडाची सारखी फट दिसावी आणि तिचा माथा खाचेच्या काठांशी एका रेषेत राहावा, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त होय. तो समजण्यास दोन मिनिटे पुरतात, परंतु तो हाताला पटवून देण्यात अनेकांच्या उमेदीची वर्षे खर्ची पडतात.

मानवी डोळ्याला निरनिराळ्या अंतरांवरील वस्तू एकाच वेळी स्पष्ट पाहता येत नाहीत, म्हणून शास्त्राने निवाडा दिला आहे की माशी रेखीव दिसावी आणि लक्ष्य खुशाल धूसर राहावे. या निकषावर, पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीच दिसत नाही असे उत्तर देऊन द्रोणाचार्यांची शाबासकी मिळवणारा अर्जुन पिस्तुलाच्या वर्गात पहिल्याच दिवशी नापास ठरला असता. (धनुष्याला खाच आणि माशी नव्हती, हे त्याच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे होईल.)

या निवाड्यामागे साधे त्रैराशिक आहे. खाच आणि माशी यांच्यात सुमारे 35 सेंटिमीटर अंतर धरले आणि माशी खाचेत केवळ 1 मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवरील कागदावर ही चूक जवळजवळ 29 मिलिमीटर होते, म्हणजे दहा गुणांच्या जागी सात पदरात पडतात. उलट खाच-माशीची जोडी न बिघडता सबंध हातच 1 मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीही तेवढीच ढळते आणि 11.5 मिलिमीटर व्यासाचे दहाचे वर्तुळ ती चूक पोटात घालते. तात्पर्य, हात थरथरणे क्षम्य आहे. माशी शिंकणे नाही.

त्यातही गंमत अशी की काळ्या गोलाच्या पार्श्वभूमीवर काळी माशी हरवते, म्हणून बहुतेक नेमबाज ती गोलाच्या खाली, पांढऱ्या भागात धरतात आणि गोळी वर मध्यावर लागेल अशी खाच आधीच बसवून घेतात. मध्य साधण्यासाठी मध्याकडे पाहू नये आणि नेमही त्यावर धरू नये, असे सांगणारे दुसरे शास्त्र क्वचितच सापडेल.

एवढे साधल्यावर चाप उरतो आणि घात तिथेच होतो. नियमानुसार चापाचा भार किमान 500 ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो कांद्यांइतका, असावा लागतो. तो भार हळूहळू वाढत जाऊन बार आपसूक उडावा, अशी अपेक्षा असते. परंतु चित्र क्षणभर जुळताच नवशिक्याचे मन ‘आत्ता!’ असे ओरडते, मनगट त्या आरोळीस दचकते आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी बहुधा डावीकडे खाली जाते, ज्याचे खापर तो पिस्तुलावर फोडतो. रोखलेला श्वास संपत आला, तर बार न काढता हात खाली घ्यावा, हा नियम सर्वांना पाठ असतो आणि सर्वांत कमी पाळला जातो. वास्तविक 60 गोळ्यांसाठी 75 मिनिटे मिळतात, म्हणजे गाडी चुकण्याची धास्ती नसते.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसूफ दिकेच यांनी एक हात खिशात घालून मिश्र सांघिक रौप्यपदक मिळवले, तेव्हा जगाला त्या खिशाचे अप्रूप वाटले. मोकळा हात लोंबकळून शरीर हलू नये, एवढाच त्याचा उपयोग असतो आणि तो इतरही नेमबाज करतात.

खरा सराव मात्र घरी, गोळी न भरता, नळी कोऱ्या भिंतीकडे रोखून, रोज शेकडो वेळा चाप दाबून होतो. भिंतीवर लक्ष्य नसल्यामुळे नजर माशीवर टिकते, आणि घरातील मंडळी काळजीत पडतात. अभ्यासकाने ती काळजी मनावर घेऊ नये. त्या भिंतीवर एखादी खरी माशी येऊन बसली, तर मात्र तिच्याकडे चुकूनही पाहू नये.