एकच खुर्ची दोघांना कशी विकावी : नवशिक्या प्रोग्रॅमरसाठी मार्गदर्शन

नाटकाची तिकिटं ऑनलाइन विकणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहीत असाल, आणि एच रांगेतली १२ नंबरची खुर्ची कोथरूडच्या काकांनाही मिळावी आणि निगडीच्या काकूंनाही, अशी तुमची इच्छा असेल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. इच्छा नसली तरी हरकत नाही. हे काम इच्छेशिवायही उत्तम साधतं. मला स्वतःला ते पहिल्याच प्रयत्नात साधलं होतं, आणि तेव्हा शिकवायला कोणी नव्हतं. नाट्यगृहाचं नाव सांगत नाही. तिथे मला अजून नाटकं बघायची आहेत.

साहित्य : जावा भाषा, एक हॅशमॅप, दोन थ्रेड. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या आत एकाच वेळी राबणारे हात. दोन पुरतात, पण सर्व्हरवर दोनशे सहज मिळतात, तेव्हा काटकसर करू नये. हॅशमॅप म्हणजे खणांचं कपाट. तुम्ही चावी द्यायची (इंग्रजीत हिला ‘की’ म्हणतात, पण मराठीत ‘की’ लिहिलं की वाक्य कुठे वळेल याचा भरवसा नाही, म्हणून आपण चावीच म्हणू), चावीवरून एक आकडा निघतो आणि आकड्यावरून खण ठरतो. आपल्याकडे चावी म्हणजे ‘एच-१२’ आणि खणात ठेवायचं ते गिऱ्हाइकाचं नाव. जावातलं हे कपाट १६ खणांनी सुरू होतं आणि पाऊण भरलं, म्हणजे तेरावी नोंद आली, की खण दुप्पट होतात. दोन चाव्या एकाच खणात आल्या तर नोंदी एकामागे एक साखळीत लटकतात. असं होतंच. मोठा ए आणि त्यापुढे छोटा ए असा शब्द घ्या, आणि दोन मोठे बी असा दुसरा घ्या. जावा दोघांचाही आकडा २११२ काढते.

पहिली कृती अगदी सोपी आहे. साधा हॅशमॅप घ्या आणि सगळ्या थ्रेडना त्यात एकदम हात घालू द्या. लॅपटॉपवर सगळं ठीक चालेल, कारण लॅपटॉपवर तिकीट काढणारे तुम्ही एकटेच असता. खऱ्या गर्दीत मात्र दोन थ्रेड एकाच खणात एकाच क्षणी नोंद लटकवायला जातील आणि एकीची गाठ दुसरीवर बसून पहिली नोंद नाहीशी होईल. कुठे एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. काकांनी पैसे भरलेत आणि कपाट म्हणतंय, कोण काका?

जुन्या जावाची हौस असेल तर याहून मोठी मौज आहे. जावा ७ पर्यंत खण दुप्पट करताना साखळीतल्या नोंदी उलट्या क्रमाने नव्या खणात जायच्या. हे काम दोन थ्रेडनी एकाच वेळी केलं तर साखळीचं शेवटचं टोक सुरुवातीला येऊन चिकटू शकायचं. साखळीचं कडं झालं. मग कोणी त्या खणात एखादी नसलेली खुर्ची शोधायला गेला, की तो वडाला फेऱ्या मारतात तसा फिरत राही, फक्त सातावर थांबत नसे. प्रोसेसर शंभर टक्के, बाहेर काम शून्य. जावा ८ मध्ये क्रम उलटणं बंद झालं, त्यामुळे हे विशिष्ट कडं आता मिळत नाही. नोंदी हरवण्याची सोय मात्र कायम आहे.

या टप्प्यावर कोणीतरी अनुभवी सहकारी खुर्ची सरकवत तुमच्या टेबलापाशी येईल आणि म्हणेल, “थ्रेड-सेफ मॅप वापर ना.” घाबरू नका. आधी त्याला हॅशटेबल दाखवा. हा वर्ग जावाच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून आहे. (त्याच्या इंग्रजी नावातला ‘टेबल’चा टी छोटा आहे. जावाने वर्गांच्या नावांसाठी स्वतःच घालून दिलेला नियम इथे मोडलाय, आणि आता तो दुरुस्त करायची कोणाची छाती नाही.) याच्या प्रत्येक कामाला एकच कुलूप. एक जण वाचत असला तरी बाकीचे बाहेर उभे. १९९८ मध्ये आलेला सिंक्रोनाइज्डमॅपही तसाच, फक्त कोणत्याही मॅपवर वरून चढवता येतो. सगळ्या नाट्यगृहाला मिळून तिकिटाची एकच खिडकी असावी, असा कारभार. ही रांग पाहून तुमचा मॅनेजरच म्हणेल, “हे काढा.”

खरी अडचण २००४ साली आली. न्यू यॉर्क राज्यात ऑस्वेगो नावाच्या गावी शिकवणारे प्राध्यापक डग ली यांच्या पुढाकाराने जावा ५ मध्ये समांतर कामाच्या साधनांचा एक पूर्ण संच दाखल झाला, आणि त्यात कॉन्करंटहॅशमॅप होता. सगळ्या कपाटाला एक कुलूप न लावता त्यांनी कपाटाचे १६ भाग केले आणि प्रत्येकाला वेगळं कुलूप दिलं. २०१४ मध्ये जावा ८ आली तेव्हा आतली रचना नव्याने लिहिली गेली. आता कुलूप खणागणिक. वाचणाऱ्याला कुलूप लागतच नाही. खण रिकामा असेल तर लिहिणाऱ्यालाही लागत नाही, कारण ‘हा खण अजून रिकामाच असेल तरच यात ठेव’ हे प्रोसेसर एका दमात करतो. विचारणं आणि ठेवणं यांच्यात फट नाही. एका खणात आठाच्या वर नोंदी साठल्या आणि कपाट पुरेसं मोठं असलं, तर साखळीचं झाड होतं म्हणजे शोधायला वेळ लागत नाही. इतका विचार केलेलं साधन पाहिलं की नवशिक्याचा धीर सुटतो. आता एच-१२ दोघांना कशी विकायची?

इथेच खरी विद्या आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. मॅप सुरक्षित आहे म्हणजे त्याचं एकेक काम सुरक्षित आहे. दोन कामं जोडून तुम्ही जे वाक्य बनवता, त्याच्याशी मॅपचा संबंध नाही. तेव्हा बनवा वाक्य. आधी कंटेन्सकी ही मेथड वापरून विचारा : एच-१२ गेली का? उत्तर ‘नाही’ आलं, तर पुट वापरून नाव लिहा. दोन ओळी, वाचायला गोड, रिव्ह्यूत कोणी बोट ठेवणार नाही. काकांच्या थ्रेडने विचारलं : गेली का? नाही. काकूंच्या थ्रेडने विचारलं : गेली का? नाही. दोन्ही उत्तरं त्या त्या क्षणी शंभर टक्के खरी. मग काकांचं नाव लिहिलं गेलं, आणि त्यावर काकूंचं. मॅपने चार कामं केली, चारही निर्दोष. डग ली यांनी त्या खणात जी फट प्रोसेसरच्या पातळीवर जाऊन बुजवली, तीच तुम्ही बाहेर दोन ओळींत पुन्हा उघडलीत. यापेक्षा जास्त श्रम नाहीत.

तक्रार अशी ऐकू येते की ही फट फार लहान असते आणि महिनोन् महिने काहीच घडत नाही. त्यावर उपाय आहे. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये पैसे घ्या. बँकेचा ओटीपी येईपर्यंत, तो चुकून पुन्हा मागवेपर्यंत, चष्मा सापडेपर्यंत दोन-तीन मिनिटं आरामात जातात. इतक्या वेळात एकच खुर्ची आख्ख्या सोसायटीला विकता येते. मी हेच केलं होतं.

खुर्च्यांवर हात बसला की मध्यंतरातल्या बटाटेवड्यांकडे वळा. आगाऊ ऑर्डरी मोजायच्यात. चावी ‘बटाटेवडा’, आणि खणात आकडा. गेट करून आकडा घ्या, त्यात एक मिळवा, पुट करून परत ठेवा. दोन थ्रेडनी एकदम ४१ वाचलं तर दोघंही ४२ लिहितील आणि एक वडा हवेत विरेल. प्रात्यक्षिक घरी करता येतं : दोन थ्रेड, प्रत्येकाला एक लाख वेळा एक मिळवायला सांगा. दोन लाख येणं जवळजवळ अशक्य. जो आकडा येईल तो कमी असेल आणि दर वेळी वेगळा असेल. मग काय होतंय ते पाहायला मध्ये एक प्रिंटची ओळ टाका. वडे बरेचसे परत येतील, कधी कधी सगळेच! प्रिंटला स्वतःचं कुलूप असतं आणि छापायला वेळही लागतो, त्यामुळे थ्रेड एकमेकांना वाट देऊ लागतात. प्रिंट काढा, वडे पुन्हा कमी. या खेळात एक शनिवार-रविवार सहज जातो.

काही किरकोळ युक्त्या आहेत. मॅपच्या खणात साधी अ‍ॅरेलिस्ट ठेवा. कपाट सुरक्षित, आतला डबा उघडा. किती तिकिटं गेली हे साइज या मेथडने विचारून, त्या आकड्यावर ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लावा. दादर स्टेशनवर आत्ता किती माणसं आहेत, या प्रश्नाचं उत्तर जेवढं टिकतं तेवढंच हेही टिकतं. चालू विक्रीत सगळ्या नोंदींवरून फिरून हिशोब काढा : साध्या हॅशमॅपने बहुतेक वेळा तिथेच एरर देऊन तुम्हाला टोकलं असतं, कॉन्करंटहॅशमॅप काही बोलत नाही. तुम्ही फिरत असताना आलेली नोंद तुम्हाला दिसेल किंवा दिसणार नाही. नल, म्हणजे ‘काहीच नाही’ ही खूण, ठेवायचा प्रयत्न मात्र करू नका, हा मॅप ती घेत नाही. गेट केल्यावर नल आला तर ‘नोंदच नाही’ की ‘नोंद आहे पण रिकामी’, हे या गर्दीत कळायला मार्ग नसतो, म्हणून ती बंदी. एवढा एकच हट्ट त्याने आपल्यावर लादलाय.

आता धोक्याची सूचना. या मॅपमध्ये पुटइफअबसेंट नावाची मेथड आहे. ती विचारणं आणि लिहिणं एकाच दमात (इंग्रजीत ‘अ‍ॅटॉमिक’) करते, आणि खुर्ची आधीच गेली असेल तर आधीच्याचं नाव हातात ठेवते. मर्ज आहे, ती वडे बरोबर मोजते. कम्प्युटइफअबसेंट आहे, ती नोंद नसेल तरच तुम्ही दिलेलं फंक्शन चालवून त्याचं उत्तर खणात ठेवते. खणात लाँगअ‍ॅडर ठेवून त्यालाच वाढवलं तर गर्दीतही मोजणी चोख राहते. या चार गोष्टी हाती लागल्या तर आतापर्यंतची मेहनत वाया जाते. पण शहाण्याला वाट आहे. पुटइफअबसेंट वापरा आणि तिने परत दिलेलं नाव बघूच नका. मॅपमध्ये काका राहतील, ‘आपली खुर्ची निश्चित झाली’ हा एसेमेस मात्र काकूंनाही जाईल. निकाल पूर्वीसारखाच, आणि कोड पाहणारा म्हणेल, अरे वा, अ‍ॅटॉमिक!

कम्प्युटइफअबसेंटसाठी वेगळी रीत. तिला दिलेलं फंक्शन चालू असेपर्यंत तो खण कुलपात असतो. त्या फंक्शनमध्ये बँकेशी बोलणं घाला. मग त्या खणात योगायोगाने येणारी सी-४ घेणारे गृहस्थसुद्धा काकूंच्या ओटीपीची वाट बघत बसतील, आणि का बसलोय ते त्यांना कधीच कळणार नाही. फंक्शनच्या आतून पुन्हा त्याच मॅपमध्ये हात घालणं ही पुढची इयत्ता. जावा ८ मध्ये यामुळे प्रोग्रॅम कायमचा अडकू शकायचा. जावा ९ पासून असे बरेचसे प्रकार पकडले जातात आणि मॅप एरर देऊन मोकळा होतो. प्रगती म्हणतात ती ही.

समजा, हे सगळं फसलं. सहकाऱ्याने कोड पाहिला, पुटइफअबसेंटचं उत्तर तपासायला लावलं, पैसे घेणं खणाबाहेर काढलं, अ‍ॅरेलिस्ट हटवली. एच-१२ आता एकालाच मिळते. तरी निराश होऊ नका, फक्त नाटक चालण्याची वाट बघा. पन्नासावा प्रयोग जाहीर होईल, गर्दी वाढेल, एक सर्व्हर पुरेनासा होईल आणि वरून हुकूम येईल की दुसरं मशीन लावा. दोन मशीन, दोन प्रोग्रॅम, दोन मेमरी, दोन कॉन्करंटहॅशमॅप. दोन्ही सुरक्षित, दोन्ही निर्दोष, आणि एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नाही. कोणी म्हणेल, डेटाबेसमध्येच नियम घालू, एका प्रयोगाला एका खुर्चीची एकच नोंद. त्याला सांगा, पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ.

माझ्या वेळी मी मुद्दाम प्रयोगाला गेलो होतो, जी रांगेत. तिसरी घंटा झाली, दिवे मंद व्हायला लागले, आणि मागे एच-१२ पाशी काका हातातला मोबाइल डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडात धरून म्हणाले, “हे बघा, बारा.” काकूंनी आपला मोबाइल पुढे केला. डोअरकीपरने दोन्ही तिकिटं नीट वाचली, तारीख पाहिली, रांग पाहिली, नंबर पाहिला. “दोन्ही बरोबर आहेत,” तो म्हणाला. पडदा वर गेला तेव्हा मी पायऱ्यांवर बसलो होतो आणि माझ्या खुर्चीत काका होते.