गोळी त्याला, शांतता आपल्याला

पुणे जिल्ह्यात घोटावड्याजवळच्या नांदे गावात ल्युपिन या औषध कंपनीचं मोठं संशोधन केंद्र आहे. औषधाच्या बाबतीत मुळशी तालुक्याला मागास म्हणायची कुणाची हिंमत नाही. मात्र घोटावड्यातल्या स्वमग्न मुलाला बोलायला, खुणा करायला, रांगेत थांबायला शिकवायचं म्हटलं, की आईने नोकरीवर, नाहीतर शेतावर पाणी सोडून पुण्याची वाट धरायची. जिल्हा रुग्णालय औंधला. मधे हिंजवडीची वाहतूक, जिच्यात धडधाकट माणसाचंही डोकं फिरतं. तिथे हे पोर कान झाकून किंचाळलं, की गाडीतले सगळे आईकडे बघतात. हॉर्न वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही.

मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो : "डॉक्टरांना सांगा ना, शांत राहायची गोळी देतील."

पूर्वी याच जागी अंगारा सुचवला जायचा. गोळी त्यापेक्षा कितीतरी बरी, कारण तिचा परिणाम तपासलेला आहे. अशा गोळ्यांपैकी रिस्पेरिडोनला अमेरिकेच्या औषध नियामकाने 2006 साली आणि अरिपिप्राझोलला 2009 साली मान्यता दिली. ती मान्यता नीट वाचा. ती स्वमग्नतेसाठी नाही. स्वमग्न मुलांच्या टोकाच्या चिडचिडीसाठी, म्हणजे अंगावर धावून जाणं, स्वतःला इजा करणं, अनावर आकांत यांसाठी आहे. या गोळीने मूल बोलायला लागत नाही, की त्याला मित्र मिळत नाहीत.

चिडचिड मात्र खरोखर कमी होते. 2002 साली अमेरिकेत 101 मुलांवर झालेल्या गाजलेल्या चाचणीत ते दिसलं. त्याच चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली : आठ आठवड्यांत रिस्पेरिडोन घेणाऱ्यांचं वजन सरासरी 2.7 किलोने वाढलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं 0.8 किलोने. शिवाय भूक खवळते, गुंगी येते, रक्तातली साखर आणि चरबी वाढू शकते, हातापायांच्या हालचाली बिघडू शकतात, मुलग्याची छातीही वाढू शकते. हे सगळं भोगणार पोर. शांतता उपभोगणार आपण.

पण म्हणून आईबापाला बोल लावू नका. रात्ररात्र भिंतीवर डोकं आपटणाऱ्या लेकराला ज्यांनी मिठीत धरून ठेवलंय, त्यांना गोळीचं पाप-पुण्य शिकवायला जाणाऱ्याने आधी एक रात्र त्या घरी काढावी. अशा घरात ही गोळी मोठा आधार ठरते. प्रश्न आहे तो इतरांच्या सोयीसाठी दिल्या जाणाऱ्या गोळीचा. वर्गात उठून फिरतो म्हणून गोळी. लग्नात पाहुण्यांसमोर हातवारे करतो म्हणून गोळी. वरातीचा डीजे खिडकीची तावदानं हलवतो आणि पोर ओरडतं. आवाज कमी करायला सांगायचं, तर ते पोराला. डीजेवाल्याला सांगायची कुणाची छाती आहे?

पोर उगाच चिडत नाही. दाढ दुखते, पोट साफ होत नाही, कान ठणकतो, झोप झालेली नसते, आणि सांगायला शब्द नसतात. मग ते चावतं. आधी दाढ बघायची की आधी गोळी द्यायची, हे कळायला मेंदूविज्ञानाची पदवी लागत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची 2013 सालची सूचना तेच सांगते : आधी कारण शोधा, वागणुकीवरचे उपाय करा, तेवढ्याने भागलं नाही तरच औषध, आणि सहा आठवड्यांत गुण दिसला नाही तर ते बंद. आपल्याकडे सहा आठवड्यांची गोळी सहा वर्षं चालते, कारण जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानदार पुडी बांधतो. चिठ्ठीवरची तारीख वाचायची त्यालाही सवड नसते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचं नाव आहे. हक्क कागदावर आला. गोळी दुकानात आली. शिकवणारा माणूस अजून वाटेत आहे. बहुधा हिंजवडीच्या चौकात अडकला असावा.

तोवर आईबापांनी एवढं करावं. चालू गोळी मनाने एकदम तोडू नये, त्याने पोराचे हाल होतात. पण दर खेपेला डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : ही नेमकी कशासाठी, हिचा गुण मोजायचा कसा, आणि वजन, साखर कधी तपासायची? वजनासाठी पुण्याला जावं लागत नाही; काटा गावच्या आरोग्य केंद्रातही असतो. गोळी सुरू केल्याची तारीख चिठ्ठीवर आपोआप येते. ती कमी करून बघायची तारीखही तिथेच लिहून मागा.