अंगाला न लागणारी माणसं

बारीक माणसाला त्याच्या बारीकपणाचं रहस्य कधी विचारू नये. तो सांगतो.

सांगताना तो खोटं बोलतो असं नाही, त्याला माहीतच नसतं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळतो, रात्री मेथ्या भिजत घालतो, संध्याकाळी सातला जेवून मोकळा होतो. साखर तर त्याने पूर्ण सोडलेली असते, म्हणजे चहातली; बासुंदीतली दिसत नाही, त्यामुळे ती सोडता येत नाही. हे सगळं व्रत त्याने गेल्या दिवाळीनंतर धरलेलं असतं आणि बारीक तो इयत्ता चौथीपासून असतो. वडील सडपातळ, काका सडपातळ, आजोबा तर भिंतीवरच्या फोटोत काठीला टेकून उभे आहेत की काठी त्यांना टेकून उभी आहे, हे कळत नाही. पण श्रेय सगळं लिंबाला.

जाड माणसाचं उलट. त्याला कारण कुणी विचारत नाही, सरळ उपाय सांगतात. लग्नात आहेराचं पाकीट हातात ठेवता ठेवता सांगतात, बँकेच्या रांगेत सांगतात, दहाव्याला घाटावर कावळा शिवायची वाट बघताना हलक्या आवाजात सांगतात, की रोज उपाशीपोटी दुधीचा रस घेऊन बघ. बारीक असणं हा पराक्रम आणि जाड असणं हा गुन्हा, असा निकाल आधीच लागलेला असल्यामुळे साक्षीपुरावा घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

तो आपण घेऊ.

२०१८च्या सुमारास महाराष्ट्रात दोन पंथ होते, आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळा जेवा, ५५ मिनिटांत आटपा, मधे काही तोंडात टाकू नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की दर दोन तासांनी थोडंथोडं खा, तूप खा, भात खा, आजी सांगायची ते खा. दोन्हीकडे वजन उतरलेले लोक होते, दोन्हीकडे न उतरलेलेही होते. कोण बरोबर, हा शास्त्रार्थ व्हॉट्सॲपवर इतका झाला आहे की मी त्यात भर घालत नाही. माझं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं.

एका घरात नवरा दीक्षित, मुलगी दिवेकर, सासरे गुरुवार आणि चतुर्थी करणारे, आणि मुलगा नुकताच जिमला लागल्यामुळे अंड्याचा पांढरा भाग खाऊन पिवळा ठेवणारा. या चारही पंथांचा स्वयंपाक करणारी बाई एकच. ती एक वाजता दीक्षितांचं ताट वाढायची, दोन-दोन तासांनी दिवेकरांची वाटी भरायची, सासऱ्यांसाठी दाण्याचं कूट वेगळं काढायची आणि पिवळ्या बलकांचं काय करायचं याचा विचार करत राहायची. तिचा स्वतःचा पंथ पाचवा: ‘आता टाकायचं कसं?’ पोराच्या ताटातली अर्धी पोळी, खिचडीची खाली लागलेली खरपूस कड, कालची आमटी, परवाची उसळ आणि ते बलक. या आहारपद्धतीवर पुस्तक निघालेलं नाही, टाउन हॉलमध्ये व्याख्यान झालेलं नाही, तरी राज्यात सगळ्यात मोठा अनुयायीवर्ग तिचाच असावा. वर्षभरात चौघांपैकी कुणाचं किती घटलं यावर वाद आहे. वाढलं ते तिचं, यावर नाही. तेव्हा दीक्षित आणि दिवेकर गटांचं इतिहासात पहिल्यांदाच एकमत झालं, की आईमध्ये निग्रह नाही.

निग्रह नसेल तर भांडी बदला, असंही एक शास्त्र मधल्या काळात निघालं होतं. लहान ताट घ्या, म्हणजे आपोआप कमी जेवाल. हे जगभर गाजवणारे कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वान्सिंक यांच्यावर २०१८मध्ये त्यांच्याच विद्यापीठाने संशोधनातल्या गैरप्रकारांचा ठपका ठेवला आणि त्यांचे डझनाहून जास्त शोधनिबंध मागे घेण्यात आले. इतकं करायची गरज नव्हती. त्यांना आपल्याकडच्या एखाद्या मुंजीत पंगतीला बसवलं असतं तरी भागलं असतं. वाटी कितीही लहान असो, ती रिकामी दिसली की यजमानाच्या तीन पिढ्यांची अब्रू जाते. ‘नको’ हा शब्द वाढप्याला ऐकूच येत नाही. ताटावर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून मठ्ठा ओततात. या पंगतीत बारीक राहणारी माणसं मी नीट पाहून ठेवली आहेत. ती जेवत नसतात, वाढत असतात.

ही वाढणारी, उठणारी, आत-बाहेर करणारी माणसं विज्ञानाच्या नजरेला फार उशिरा पडली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जेम्स लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा माणसांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा एक हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. आपल्याकडे याला प्रयोग म्हणत नाहीत, माहेरपण म्हणतात. १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निकाल छापून आला. जादा खाणं सगळ्यांचं सारखं. पण एकाच्या अंगावर चरबी चढली अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि एकाच्या चार किलोंच्या वर. व्यायाम कुणीच वाढवलेला नव्हता. ज्यांच्या अंगाला लागलं नाही, ती माणसं जास्तीचं पोटात गेल्यावर नकळत जास्त हलायला लागली होती. उठायची, उभी राहायची, उगाच फेरी मारून यायची, बसल्या जागी पाय हलवायची. चुळबुळ करायची.

पुढे २००५मध्ये याच मंडळींनी लोकांच्या आतल्या कपड्यांत यंत्रं बसवून त्यांचं उठणं-बसणं दिवसरात्र मोजलं. लठ्ठ माणसं सडपातळ माणसांपेक्षा रोज सुमारे दोन तास जास्त बसून असतात, असं निघालं. इथवर ऐकून बारीक वाचकाने कॉलर ताठ केली असेल तर त्याने थोडं थांबावं. त्या लठ्ठांपैकी काहींचं वजन उतरवलं तरी ते तितकेच बसत राहिले, आणि बारकांपैकी काहींचं वाढवलं तरी ते तितकेच उभे राहिले. म्हणजे चुळबुळसुद्धा बहुधा उपजतच. लिंबाचं श्रेय गेलं, आता पायांचंही गेलं.

आणि या उपजत देणगीचं आपण काय केलं? शाळेत घातल्याबरोबर हाताची घडी, तोंडावर बोट. बाकावर जो पाय हलवेल त्याच्या पोटरीवर पट्टी. दहा वर्षं खपून आपल्या शिक्षणव्यवस्थेने एकच गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे बसणं. जो उत्तम बसला त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘शांत व समंजस’ असा शेरा पडला, त्याला बसायची नोकरी लागली, बसून जायची गाडी मिळाली, आणि आता त्याच्या मनगटावरचं घड्याळ दर तासाला थरथरून त्याला सांगतं, उठा. मागच्या बाकावरचा तो चुळबुळ्या, ज्याच्या पालकांना दर महिन्याला बोलावणं जायचं, त्याला अजून लग्नातला कोट होतो. या अन्यायाबद्दल शिक्षण खात्याने खुलासा करावा, अशी माझी मागणी आहे.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर दहा हजार पावलांचंही सांगून टाकतो. हा आकडा प्रयोगशाळेत कमी आणि दुकानात जास्त जन्मला. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाची हवा होती; १९६५ साली यामासा नावाच्या घड्याळ कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याला दहा हजार पावलांचं नाव दिलं. आकडा गोल आहे, लक्षात राहतो, विकला जातो. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात आता लोक ही पावलं टाकण्यासाठी टेकडीपर्यंत मोटारीने जातात आणि पायथ्याशी गाडी लावायला जागा न मिळाल्याने, दूर लावून चालत यावं लागलं, म्हणून चिडतात. ती पावलं हिशेबात धरायची की नाही, याबद्दलही त्यांच्यात मतभेद आहेत. टेकडी उतरल्यावर काय खाल्लं जातं हा खासगी प्रश्न आहे.

मुंबईत ज्या माणसांनी पावलं कधीच मोजली नाहीत, ते डबेवाले. १८९०च्या आसपासपासून ते लोकांचं जेवण डोक्यावर, खांद्यावर, सायकलवर वाहताहेत. डबा उचलणारा बारीक आणि उघडणारा जाड, इतका साधा आणि इतका जुना पुरावा समोर असताना मेयो क्लिनिकला सोळा माणसं का पोसावी लागली, कोण जाणे.

पण खरी तज्ज्ञ घरात येते आणि जाते. सकाळी साडेसहाला पहिलं घर, मग दुसरं, मग समोरच्या इमारतीतली दोन, दुपारी पुन्हा इकडे. उकिडवं बसून फरशी पुसणं, हात वर करून वाळत घालणं, वाकून केर काढणं, उभ्याने भांडी. हेच व्यायाम याच घरातल्या वहिनी एका प्रशिक्षकाला घसघशीत पैसे देऊन शिकतात, फक्त त्यांच्या मांड्यांखाली फरशी ओली नसते. मावशींना पहिला धड घास दुपारी तीनला मिळतो. वहिनींच्या ॲपमध्ये या उपासाला सोळा तासांचं ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतात आणि तो पाळल्याबद्दल संध्याकाळी स्क्रीनवर फुगे उडतात. मावशींना फुगे मिळत नाहीत, आदल्या दिवशीच्या पोळ्या मिळतात, आणि त्या पिशवीत भरताना वहिनी दर वेळी म्हणतात, “मावशी, तुमचं बरं आहे. काहीही खा, अंगाला लागत नाही.”

मावशी म्हणाल्या, “लागंल कसं, वैनी? अंग एका जागी असतं का?”

वीस वर्षांच्या संशोधनाचा याहून नेमका गोषवारा माझ्या वाचनात नाही. त्यांनी तो ‘सायन्स’कडे पाठवला नाही, कारण पुढच्या घरी उशीर होत होता. त्यांचे गुडघे दुखतात आणि रात्री पायात गोळे येतात, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. ‘सडपातळ राहण्याच्या सवयी’ या सदरात ते बसतही नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका प्रमाणापेक्षा जाड निघाल्या आणि १८.७ टक्के प्रमाणापेक्षा बारीक. पाहणीच्या कागदावर या दोघी वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. सकाळी नऊ ते दहा त्या एकाच स्वयंपाकघरात असतात.

आता उरला तो मनगटं काडीसारखी असणारा, पॅंटचं माप वर्षानुवर्षं तेच सांगणारा मराठी मध्यमवर्गीय पुरुष. त्याचा प्रश्न पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी निकालात काढला आहे. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बॉडी मास इंडेक्स दोघांचा २२.३, कुणीही म्हणावं, कसे छान सडपातळ आहेत दोघे. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं, हेही डॉक्टरांनी त्यात मिस्कीलपणे नोंदवून ठेवलं आहे. इतका प्रामाणिक सडपातळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. लिंबाचं नावसुद्धा काढलं नाही.

म्हणजे बाहेरून हाडकुळा, आतून लोण्याचा. त्यांच्या पथकाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि बाळांचा माग ठेवला, तेव्हा सरासरी २.७ किलोंची ती बाळं इंग्लंडातल्या बाळांपेक्षा सगळीकडून बारीक होती. चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखून आणली होती. जन्माला येतानाच इतकी बचत करून येणारा समाज पुढे मुदत ठेवींवर विश्वास ठेवतो यात नवल नाही. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, असं आपल्या लोकांसाठी सांगतात. तो टेपने मोजायचा असतो, बेंबीच्या खाली सरकवलेल्या पट्ट्याच्या भोकांवरून नाही. आणि श्वास सोडून.

लिफ्टवरून एका पुनर्विकसित सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आठवलं. जुनी इमारत तीन मजली, बिनलिफ्टची. नवी बावीस मजली, तीन लिफ्ट, सातव्या मजल्यावर जिम. विषय क्रमांक चार: घरकाम करणाऱ्या व्यक्तींमुळे सकाळी लिफ्टला गर्दी होते. ठरलं की सभासदांच्या दोन लिफ्ट त्यांनी वापरू नयेत. तिसरी सामानाची असून सध्या बंद आहे, ती दुरुस्त होईपर्यंत त्यांनी जिन्याने यावं. विषय क्रमांक पाच एका ज्येष्ठ सभासदांनी आयत्या वेळी मांडला. डॉक्टरांनी त्यांना रोज जिने चढायला सांगितलं आहे, पण विषय क्रमांक चारची अंमलबजावणी सभेआधीच सुरू झाल्यामुळे जिन्यात सकाळी बायकांची इतकी ये-जा असते की मोकळेपणाने व्यायाम करता येत नाही. सबब सकाळी सात ते आठ जिना सभासदांसाठी राखीव ठेवावा.

त्या वेळात कामाला बायका वर येणार कशा, असं एका तरुण सभासदाने विचारलं. त्याला पुढच्या सभेत लेखी प्रश्न देण्यास सांगण्यात आलं. ठराव मंजूर झाला. त्यानंतर अध्यक्षांच्या परवानगीने अल्पोपाहार झाला: बटाटेवडा, जिलबी, आणि डाएटवर असलेल्या सभासदांसाठी साबुदाणा वडा.