आसनसोलची विलायत

काकांची सायकल विलायती आहे, हे आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाला बाराखडीच्या आधी कळतं. ती नॉटिंगहॅमची रॅले आहे, तिच्या पुढच्या दातेरी चक्रात तीन बगळे आहेत आणि ती पानशेतच्या पुरातून वाचलेली आहे, ही तीन कलमं सर्वांना तोंडपाठ. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा शनिवारातल्या वाड्यात ती म्हणे आढ्याएवढ्या पाण्याखाली होती. तिसऱ्या दिवशी काकांनी चिखल झटकला आणि तिच्यावरून ते कचेरीत गेले. कचेरी त्या आठवड्यात उघडी होती का, हे विचारायची पद्धत नाही.

अशा या ऐतिहासिक वाहनावर आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी आपली चारचाकी रिव्हर्समध्ये आणली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला बंपर आणि मध्ये सायकल. पुढचा चिमटा मागे दबला आणि खालची दांडी हँडलच्या नळीजवळ चुणली. गृहस्थ उतरले, वाकून बंपर न्याहाळला आणि म्हणाले, "नशीब, ओरखडासुद्धा नाही!"

मग सल्ले सुरू झाले. भंगारात द्या. गच्चीत उभी करून कुंड्या ठेवा. कॅफेवाले भिंतीवर टांगायला घेतात, त्यांना विचारा. दुरुस्त करा असं कोणी म्हणेना. वास्तविक त्या जमान्यातली सायकल दुरुस्तीसाठीच जन्माला आलेली असते. साधं पोलाद आधी वाकतं, तुटायचा विचार नंतर करतं. अॅल्युमिनियमची वाकलेली फ्रेम सरळ करायला गेलं तर चीर पडायची भीती. इथे नळ्या लगमध्ये खोचून पितळेने जोडलेल्या असतात, म्हणजे ज्या वाटेने जोडल्या त्याच वाटेने सोडवता येतात.

नाना पेठेत चौकशी करत करत एक वयस्कर मिस्त्री सापडले. हल्ली जाळ्या-गेटवाले सगळे आर्क वेल्डिंग मारतात. सायकलच्या पातळ नळीला आर्क लावली की सांधा राहतो बाजूला आणि पडतं भोक. मिस्त्रींकडे अजून गॅस होता. त्यांनी फ्रेमला टिचकी मारून आवाज ऐकला. म्हणाले, "लोखंड चांगलं आहे. मालकाने चालवली कमी, पुसली जास्त." काकांचं इतकं अचूक चरित्र आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

त्यांनी फ्रेम उलटी केली तेव्हा सीटच्या नळीतून भसाभस सुकी माती पडली. माझ्या चुलतभावाचे डोळे पाणावले. पानशेतचा गाळ! त्याने रुमाल पसरून ती गोळा केली. मिस्त्रींनी एक ढेकूळ चुरगाळून पाहिलं. "कुंभारीण माशी. सीट काढून ठेवली की आत घर करते. अळ्यांची टरफलं दिसतील बघा." दिसली. चुलतभावाने तरीही रुमालाला गाठ मारली. माशीने माती नदीवरूनच आणली असणार, असं त्याचं म्हणणं पडलं.

चिमटा थंडच ठेवून लोखंडी पाइपच्या तरफेने सरळ झाला. दांडीचं काम मात्र पाहण्यासारखं होतं. चुणलेला तुकडा कापून काढला, आतून दुसरी नळी सरकवली, सांध्याला टाकणखार फासला आणि ज्योत धरली. पोलाद वितळायला 1500 अंशांच्या आसपास जावं लागतं, पितळ 900 लाच विरघळतं. त्यामुळे नळी नुसतीच लाल होते आणि पितळाची काडी टेकवली की ते पातळ होऊन फटीत ओढलं जातं, वरून कोणाला ढकलावं लागत नाही. "आता इथून मोडणार नाही," मिस्त्री म्हणाले. "मोडली तर दुसरीकडून मोडेल." एवढी प्रामाणिक गॅरंटी मला कोणत्याही छापील कार्डावर मिळालेली नाही.

शेवटी सुतळीची परीक्षा. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून सुतळी हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं भरलं की फ्रेम सरळ. सारखं भरलं.

लोखंड एका दुपारी सुधारलं. रंगाला अख्खा पावसाळा गेला.

पावडर कोटिंगवाल्याने भट्टीत 200 अंशांवर भाजून चकचकीत करून देतो म्हणून सांगितलं. पण तो थर जाड बसतो. लगच्या नाजूक कडा बुजतात, ठोकलेला नंबर बुजतो, आणि हाती येते ती जुन्या मापाची नवी सायकल. म्हणून घरीच खरवडायला बसलो. वर गेटचा उरलेला तपकिरी ऑइलपेंट, त्याखाली कोणत्या तरी गणेशोत्सवाचा भगवा, त्याखाली अस्सल काळा. पुढचा बिल्ला त्या सगळ्यांखाली गाडला गेला होता. त्याच्यावर पेंट रिमूव्हर फिरवला आणि अक्षरं वर आली: सेन-रॅले.

घरात शांतता पसरली. स्वातंत्र्यानंतर रॅलेने कलकत्त्याच्या सेन मंडळींशी भागीदारी करून आसनसोलला कारखाना काढला होता. आमची विलायत पश्चिम बंगालात निघाली. काका म्हणाले, बिल्ला नंतर बदलला असेल. तेव्हा शेंगा सोलत बसलेल्या काकूंनी मान वर केली. "बदलतंय कोण? माझ्या वडिलांनी जावयाला दिलेली सायकल आहे ती. हप्त्यांवर. आपलं लग्न 1963 चं."

1963 वजा 1961 हा हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात केला. चुलतभावाने रुमाल कुठे ठेवला, ते अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "मला कोणी विचारलंत?"

पुढचा तपशील थोडक्यात. रेड ऑक्साइड, जरुरीपुरती लांबी, वॉटर पेपर, काळ्याचे पातळ हात. दमट हवेत थिनर उडताना रंग पांढुरका मारतो, आणि ओल्या रंगावर प्राण द्यायला डासांना आमचंच घर सापडतं. घरात सगळ्यात कमी धूळ बाथरूममध्ये असते, म्हणून फ्रेम तिथे टांगली. आंघोळी सायकलच्या सोयीने होऊ लागल्या. या काळात मला जे ऐकावं लागलं ते रंगकामाच्या कक्षेबाहेरचं आहे.

सोनेरी रेघा ओढायला एक जुने बोर्ड-पेंटर आले. फ्लेक्सने त्यांचा धंदा बसवला, हात बसवला नाही. लांब केसांचा ब्रश, करंगळी नळीला टेकलेली, आणि एका दमात टोकापासून टोकापर्यंत रेघ. मिस्त्रींपेक्षा जास्त पैसे त्यांनी घेतले आणि ते मला कमीच वाटले. काळा रंग सायकलभर नवा असला, तरी मागच्या मडगार्डवरचा मूळ रंग मी राखून ठेवलाय. तो फिका आहे, टवके उडालेला आहे, पण तेवढा तरी कारखान्यातून आलेला आहे.

आता एकच अडलंय. जुन्या रॅलेच्या बॉटम कपला इंचाला 26 आटे असतात, बाकी बहुतेकांना 24. दुकानदार "सगळ्याला एकच बसतो" म्हणून देतात आणि तो दोन फेऱ्यांत अडकतो. कोणाच्या माळ्यावर 26 आट्यांचा उजवा कप पडला असेल तर कृपया कळवावं, योग्य किंमत देऊ. 24 चा आणू नये. ते आमच्याकडे डबाभर आहेत.